दहावं घमेलं

बुशराला कुणी विचारलं की बाई तू काय काम करतेस, तर ती "केमिस्ट" म्हणायची, अन् समोरचा हमखास खोकल्यावरची गोळी मागायचा. नांदेडात दोन वर्षं डोकं घालून एम.एस्सी. केली, कंधारच्या अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटून झाले, अन् शेवटी पदरात काय पडलं? लातूरच्या एमआयडीसीत मकबूलचाचांच्या तपासणी लॅबमधलं एक डुगडुगतं स्टूल आणि एक ब्युरेट. त्या काचेच्या नळीतून दिवसभर थेंब थेंब औषध सोडायचं, खालच्या पाण्याचा रंग पालटला की आकडा लिहायचा, की पुढचा चंबू घ्यायचा. आठ महिने झाले होते. पोरगी त्या स्टुलावर सुकत चालली होती.

तिचं म्हणणं साधं होतं. दगडात लोखंड किती हे टेबलावर ठरतच नाही, ते ढिगापाशी ठरतं. ट्रॉलीभर दगडातून जी पिशवीभर माती लॅबमध्ये येते तीच जर खोटी असेल, तर पुढं थेंब कितीही नीट मोजा, उत्तर खोटंच येणार. अन् ती पिशवी आणायचा नबील.

नबील म्हणजे चाचीचा सख्खा भाचा. चांगला तिशीतला गडी, दाढी कोरलेली, बूट पांढरे. त्याची नमुना घ्यायची पद्धत अशी: गाडीतून उतरायचं, ढिगाच्या सावलीच्या बाजूला उभं राहायचं, कमरेत वाकावं लागणार नाही अशा उंचीवरचे चार दगड पिशवीत टाकायचे, अन् मालकाचा चहा प्यायचा. चहा झाला की दुसरी पिशवी. एकाच ढिगाच्या दोन पिशव्या, पण एकीत लोखंड चोवीस टक्के अन् दुसरीत तेहतीस. एकाच आईच्या पोटच्या वाटायच्या नाहीत. सिमेंटच्या कारखान्यानं तीनदा कागद परत पाठवले, चौथ्यांदा फोन करून हसले. ते हसणं चाचांच्या जिव्हारी लागलं.

"मला पाठवा," बुशरा म्हणाली.

"उन्हात? दगडात? तुझा बाप मला काय म्हणेल, बेटा?"

"अब्बांना जे म्हणायचं ते मला म्हणतील. तुम्ही आकड्याचं बोला, चाचा."

मकबूलचाचा आकड्याचेच माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकदाच. उदगीरच्या पुढं शेषेराव म्हणून एक शेतकरी हाय. त्याच्या माळावरचा तांबडा दगड कारखान्याला घ्यायचाय, अठ्ठावीसच्या वर लोखंड असलं तर. त्या एका ढिगाच्या दोन पिशव्या आण. दोन्हीचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत जुळला तर फिल्ड तुझं. न्हाई जुळला तर स्टूल तुझं, अन् हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. उद्या संध्याकाळी पाचला दोन्ही पिशव्या माझ्या टेबलावर."

"अन् जुळला तर नबीलभाई स्टुलावर?"

"आधी जुळव," चाचा म्हणाले.

आता योगायोग बघा, नेमकी दुसऱ्याच दिवशी नबीलनं लॅबची गाडी सर्व्हिसिंगला नेली. बुशरानं पदर खोचावा तशी ओढणी खोचली, पाठीवर पिशवी टाकली अन् सकाळची पहिली एस.टी. पकडली. उदगीरला उतरून पुढं काळीपिवळी. जीपमध्ये चौदा माणसं, दोन कोंबड्या, अन् आनंदानं फुगलेली ही. आठ महिन्यांनी पोरगी पहिल्यांदा खिडकीबाहेर बघत होती.

शेषेरावांचा तो माळ म्हणजे गावाला चेष्टेचा विषय. कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती. गाव त्याला शेषेरावाचं टक्कल म्हणायचं. अन् आता त्याच टकलाला कारखान्याचं स्थळ आलं होतं. शेषेरावांनी माळावर चार ठिकाणी खड्डे घेऊन ट्रॉलीभर दगड गावाच्या तोंडाशी, लिंबाखाली आणून टाकला होता. बुशरा तिथं पोचली अन् बघतच राहिली.

ढीग धुतलेला होता. चक्क पाण्यानं धुतलेला. लालबुंद जड दगड समोरच्या बाजूला रचून लावले होते, पिवळट भुसभुशीत दगड मागं ढकलले होते, भोवती सडा, रांगोळी, अन् वर एक उदबत्ती जळत होती.

"हे काय केलं, मावशी?" बुशरानं विचारलं.

साखराबाई, म्हणजे शेषेरावांची बायको, डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "बघायला यायलेत म्हणल्यावर जरा नटवायला नको? पोरगी दाखवताना तोंड धुऊनच बसवतात की."

बुशराला इतकं हसू आलं की ती तिथंच दगडावर बसली. मग उठली, उदबत्ती काढून बाजूला खोचली अन् सांगितलं, "मावशी, मला नटलेली नको. जशी हाय तशी दाखवा. हा अख्खा ढीग इथून तिथं टाकायचा. घमेल्या-घमेल्यानं. नऊ घमेली तिकडं जातील, दहावं माझं."

शेषेराव विचारात पडले. "अन् दहाव्यात भंगार दगड आला तर?"

"तर भंगार."

"अन् नवव्यात सोन्यासारखा असला तर?"

"तर तो तिकडं गेला, मामा. निवडायचं न्हाई. ज्या दिवशी मी निवडायला लागले, त्या दिवशी तो तुमचा माळ राहत न्हाई, माझी आवड होते."

शेषेरावांना ते पटलं नाही, पण पोरगी शिकलेली होती अन् आवाज खणखणीत होता. घमेली आली, खोरी आली. सोयाबीन घरात आलेलं, रब्बीची पेरणी व्हायची होती, गाव मोकळंच होतं. आधी चार बाया, मग दहा, मग ज्याला त्याला काम पाहिजे झालं. एक, दोन, तीन म्हणत घमेली चालली अन् दहाला सगळे एकदम ओरडायला लागले. पहिलं दहावं डावीकडं, पुढचं दहावं उजवीकडं, असे दोन छोटे ढीग वेगळे वाढत चालले. एक डाव्या पिशवीसाठी, एक उजव्या. कुणाच्या हातून नववं घमेलं दहाव्याच्या जागी पडलं तर अख्खं गाव त्याच्या अंगावर जायचं. बुशराला वाटलं, कॉलेजात हे असं शिकवलं असतं तर एकही पोरगं नापास झालं नसतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण घड्याळात अकरा वाजले, पाचची वेळ डोक्यात टकटक करायला लागली, अन् बाईनं घाई केली. दगड होते नारळाएवढे, काही काही तर कलिंगडाएवढे. पुस्तक सांगतं, ढिगाचा टोकदार डोंगर करा, माथा दाबून सपाट करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका, अन् ठेवलेले पुन्हा एक करा. तिनं डोंगर केला. मोठे लाल दगड गडगडत खाली कडेला गेले, पिवळा भुगा मधेच राहिला. तिनं फावड्यानं चार भाग पाडले. एका भागात तीन मोठे लाल दगड आले, शेजारच्यात नुसता भुगा.

"काय करायलीस गं, पोरी?" लिंबाच्या पारावरून आवाज आला.

पारावर धोंडाबाई बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, दात दोन, पण नजर घारीची. गावात सणावाराला बोकड पडलं की मटणाचे वाटे करायचा मान हिचा. तीस घरं, तीस वाटे, अन् आजवर कुणाची कुरकुर नाही.

"वाटे करायले, आजी," बुशरा म्हणाली. "चारातले दोन ठेवायचे."

"असे वाटे असतात व्हय? एकाच्या वाट्याला अख्खी मांडी, अन् दुसऱ्याला नुसतं हाड. माझ्या हातून असा वाटा पडला असता तर लोकांनी मला गावात राहू दिलं नसतं." धोंडाबाई काठी टेकत खाली आली. "आधी तोड. बारीक तोड. मग कालव. मग वाट. तुकडा मोठा असला की वाटा सारखा पडतच न्हाई, कितीबी देवाचं नाव घे."

बुशराचे कान तापले. हेच तर होतं वर्गात. दगडाचा आकार जेवढा मोठा तेवढा नमुना मोठा लागतो, नाहीतर आधी फोडा मग विभागा. त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क होते. अन् वर्गातच कशाला, कंधारला बकरीदला दादी हिस्से करायची तेव्हा कलेजीचेसुद्धा बारीक तुकडे करून प्रत्येक हिश्शात घालायची, अन् ही तिथं ताट धरून उभी असायची. ते सगळं तिच्या डोक्यातून एका घाईनं पुसलं गेलं होतं.

"चुकलं, आजी," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी फोडते."

"तू एकटी कशाला, गाव काय शोभेला हाय?"

मग जे सुरू झालं त्याला नमुना घेणं म्हणावं की गावजेवण, ते तुम्हीच ठरवा. हातोडे आले, घण आला, कुणी पहार आणली, कुणी वरवंटा उचलून आणला अन् सासूच्या शिव्या खाल्ल्या. आधी बोराएवढा चुरा, मग कालवून डोंगर, चार भाग, दोन बाहेर. राहिलेला पुन्हा फोडून हरभऱ्याएवढा, पुन्हा डोंगर, पुन्हा चार भाग. कुठले दोन ठेवायचे हेही धोंडाबाईनं तिच्याच रिवाजानं ठरवलं. शेषेरावांना पाठ करून उभं केलं अन् विचारलं, "ह्ये दोन का त्ये दोन?" शेषेरावांनी देवाचं नाव घेऊन "त्ये" म्हणायचं, वळून बघायचं अन् "अरारा, ह्ये दोन जास्त लाल होते" म्हणून कपाळ धरायचं. बाया लोटपोट. तांबडी धूळ उडून सगळी माणसं एका रंगाची झाली, कोण कुणाची सून ते ओळखू येईना.

साडेबाराला दोन पिशव्या भरल्या. बुशरानं काट्याला लावून बघितलं, डावी पाच किलो, उजवी पाच किलो, वहीत लिहिलं. मग साखराबाईनं तिला हात धुवायला मोरीवर पाठवलं, भाकरी, ठेचा अन् दही वाढलं, अन् तोवर पिशव्यांची तोंडंही बांधून ठेवली. निघताना तिनं बुशराच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बुशराचे डोळे भरून आले. जीपमध्ये ती सबंध रस्ताभर मनात एकच हिशेब करत होती, जुळणार, अर्ध्यात काय, पावात जुळणार.

उदगीरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. जीपमध्ये पिशव्या शेषेरावांनी चढवल्या होत्या; आता तिनं दोन्ही हातात दोन पिशव्या उचलल्या अन् पायरीवर पाय ठेवला, तर डावा खांदा खाली गेला.

ती पायरीवरून उतरली. सीताफळवालीपाशी गेली, तिचा काटा मागितला. उजवी पाच. डावी साडेपाचाच्या वर. बुशरानं डावीचं तोंड सोडलं. सगळ्यात वर, चुऱ्यावर ऐटीत बसलेला, मुठीएवढा लाल दगड. त्याला हळद लावलेली, कुंकू लावलेलं.

सीताफळवाली म्हणाली, "देव हाय का?"

बुशरा हसायला लागली. हसता हसता रडकुंडीला आली. गाडीचा कंडक्टर बेल मारत होता. दगड उचलून सीताफळाच्या टोपलीत ठेवला की काम झालं, पाचच्या आत लातूर. कुणाला काही कळणार नव्हतं. तिनं दगड उचलला सुद्धा. पण दगडाच्या खालचा चुरा कुंकवानं लाल होता, की मुळातच लाल होता? अन् पाचाच्या वरचं सगळं वजन ह्या एका दगडाचं होतं, की अजून काही होतं? ते तिला माहीत नव्हतं. माहीत नसताना हात घालून काढणं, अन् कमरेत न वाकता चार दगड उचलणं, ह्यात फरक काय राहिला? गाडी गेली.

तिनं फोन लावला. "चाचा, नमुना बिघडलाय. मी परत काढायला चाललेय. पाचला पोचणार न्हाई."

चाचा म्हणाले, "म्हणजे हरलीस."

"अजून न्हाई."

"थांब तिथं. मीच येतो," चाचा म्हणाले, अन् ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजात माणसं न्यायला येतात, मदतीला नाही.

गावात परतून तिनं पिशवी साखराबाईसमोर ठेवली. साखराबाईनं काहीही लपवलं नाही. "पहिल्या खड्ड्यात निघालेला दगड हाय त्यो, सहा महिने देव्हाऱ्यात होता. अन् तीन-चार मुठी चांगलं चांगलं खाली सारलंय. पाहुणी इतकी राबली, तिला नुसत्या मापात कसं धाडावं? वर चार घालायलाच पाहिजे. मापावर मूठ आमच्या घरात कुणालाबी देतो."

तीन-चार मुठी. खाली सारलेल्या. दगड काढून बुशरा निघून गेली असती तर त्या मुठी तशाच चाचांच्या टेबलावर गेल्या असत्या. तिनं साखराबाईचे हात धरले. "मावशी, ही पिशवी माझी न्हाई. ही तुमच्या माळाची जबान हाय. तुम्ही तिच्या तोंडात शब्द घातले तर कारखान्याला ट्रॉलीत दुसराच दगड मिळेल अन् ते पहिल्याच खेपेला माल परत धाडतील. मग गाव टक्कलच म्हणत राहील."

साखराबाईनं पदर खोचला, आत जाऊन सगळी घमेली बाहेर काढली अन् पहिलं स्वतः भरलं.

ढीग अजून तिथंच होता, अन् गाव आता तयारीचं झालं होतं. एक, दोन, तीन. दहा म्हणताना लिंबावरची पाखरं उडत होती. मकबूलचाचा पोचले तेव्हा फोडणं ऐन रंगात आलेलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात सर्व्हिसिंगहून सोडवून आणलेल्या गाडीची किल्ली, कपाळाला आठी. ते तोंड उघडणार तेवढ्यात धोंडाबाईनं त्यांच्या हातात हातोडा दिला.

"उभा काय राहिलास, बाबा. मार."

"मी लॅबचा मालक हाय," चाचा म्हणाले.

"तिथं मालक. हिथं वाटे चाललेत."

चाचांनी बुशराकडं बघितलं. बुशरानं दगडाकडं बघितलं. हसू दाबायला तिला ओठ चावावा लागला. लातूरच्या एमआयडीसीतला इतका मानाचा माणूस खाली बसला अन् दगड फोडायला लागला. पहिल्या पाच मिनिटांत सदऱ्याचा रंग गेला, दहाव्या मिनिटाला आठी गेली. चार भाग पडले तेव्हा त्यांनी सवयीनं बोट केलं, "हे दोन ठेवा, चांगले दिसतात." धोंडाबाईनं त्यांना दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन उलटं फिरवलं. गाव इतकं हसलं की चाचांची पाठसुद्धा हसताना हलत होती.

ह्या खेपेला पिशव्यांची तोंडं बुशरानं स्वतः बांधली. साखराबाईनं पिशव्यांकडं बघितलंसुद्धा नाही. गाडीत मात्र तिनं सीटवर ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं, त्याला काही हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी बुशराला टेबलाला हात लावू दिला नाही. नबीललाही नाही. स्वतः दळलं, स्वतः आम्लात विरघळवलं, स्वतः ब्युरेट भरली. बुशरा दाराशी उभी, नखं खात. नबील पांढऱ्या बुटांकडं बघत भिंतीला टेकलेला. पहिल्या चंबूतलं पाणी थेंबाथेंबानं हिरवं होत गेलं अन् एका थेंबाला झर्रकन जांभळं झालं. चाचांनी वहीत लिहिलं अन् वाचलं, "एकतीस पूर्णांक चार."

म्हणजे अठ्ठावीसच्या वर. शेषेरावांचं टक्कल निघालं कामाचं. पण बुशराला त्या घडीला शेषेराव आठवले नाहीत, खोटं कशाला बोला. तिच्या डोळ्यासमोर स्टूल होतं.

दुसरा चंबू. थेंब. थेंब. चाचा एवढे हळू सोडत होते की तिला वाटलं आता ह्यांच्या हातातून नळी हिसकावून घ्यावी. हिरवं, हिरवं, अजून हिरवं, अन् जांभळं. चाचांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. ब्युरेट परत भरली, तिसरा चंबू घेऊन तोच नमुना पुन्हा केला. पुन्हा तेच आलं.

"एकतीस पूर्णांक दोन," ते म्हणाले.

बुशरा नुसती दाराची कडी धरून उभी राहिली अन् डोळ्यांतून घळाघळा पाणी. नबील बिचारा तिच्याकडं बघून "अरे, जुळलं ना, मग रडायलीस काय" म्हणाला, अन् ते इतकं मनापासून म्हणाला की तिला त्याच्यावरचा सगळा राग विसरून हसू फुटलं.

चाचांनी वही मिटली. "निलंग्याकडं एक ढीग हाय," ते म्हणाले, "ह्याच्या तिप्पट. परवा जायचंय. गाडी घेऊन जा."

"एकटी?"

"मग?" चाचांनी दोन्ही तळहात उघडून तिच्यापुढं धरले. प्रत्येकावर दोन-दोन फोड, टरारून फुगलेले. "मी येऊ का?"